जखम आणि वैद्य यांमधली वाट

विरारची वस्ती मागे टाकून मुंबई–अहमदाबाद महामार्ग उत्तरेकडे निघाला, की मनोर, चारोटी, तलासरी ही नावे एकामागून एक येतात. पश्चिमेला त्याला जवळजवळ समांतर असा लोहमार्ग सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू करीत गुजरातेत शिरतो. चिल्हार फाट्याहून बोईसरकडे वळणाऱ्या रस्त्यावर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे ट्रक आणि टँकर रात्रंदिवस धावत असतात, आणि त्याच रस्त्यावरून पाळी संपवून घरी निघालेला कामगार दुचाकीवर असतो. या तिन्ही वाटांनी आपल्या भागाला रोजगार दिला, शिक्षण दिले, शहर जवळ आणले. त्यांनी आपल्याकडून काय घेतले, हे दफनभूमीतील तरुणांच्या क्रुसांवरील तारखा वाचल्या म्हणजे कळते.

४ सप्टेंबर २०२२ या रविवारी दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी, सर्व सुरक्षा-साधनांनी युक्त अशी मोटार कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले स्नेही असे मागच्या आसनावरील दोघेही मृत्यू पावले. पुढील आसनांवरचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी आसनपट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. जखमींना प्रथम कासा येथील सरकारी रुग्णालयात आणि मग पुढील उपचारांसाठी वापीला हलविण्यात आले. देशभर त्या अपघाताची चर्चा झाली, ती मृताच्या नावामुळे. त्याच महामार्गावर ज्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत अशांचे बळी त्याआधीही जात होते आणि त्यानंतरही जात आहेत.

अशा अपघातांत हाड मोडले तर ते जुळते, हातापायाची जखम भरते. डोके, चेहरा आणि मान यांची गोष्ट निराळी आहे. मेंदू, श्वासाची नळी, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जारज्जू ही सारी वीतभर जागेत दाटीने वसलेली आहेत. तेथे झालेल्या इजेचा निकाल पुष्कळदा रुग्णालयात लागतच नाही. तो रस्त्याच्या कडेला, पहिल्या काही मिनिटांत लागतो. जखम झाल्याचा क्षण आणि वैद्याचा हात लागण्याचा क्षण यांच्यामध्ये जी वाट असते, तिचा इतिहास पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. हा इतिहास मुख्यतः वैद्यांचा नाही, जवळ उभ्या असलेल्या माणसांचा आहे.

प्राचीनांचे ज्ञान

इजिप्तमधील लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक जुनी गुंडाळी विकत घेतली. तिचे भाषांतर जेम्स ब्रेस्टेड या विद्वानाने १९३० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जगाला कळले की जखमांवरील उपचारांचा हा सर्वांत प्राचीन ग्रंथांपैकी एक आहे. ही प्रत ख्रिस्तपूर्व सुमारे १६०० ची असून मूळ मजकूर त्याहूनही जुना मानला जातो. तीत ४८ रुग्णांची वर्णने आहेत. त्यांची मांडणी डोक्यापासून खाली अशी आहे, आणि ४८ पैकी २७ वर्णने डोक्याच्या व चेहऱ्याच्या, तर ६ गळ्याच्या व मानेच्या जखमांची आहेत. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी वैद्य तीनपैकी एक निर्णय देतो: हा रोग मी बरा करीन, याच्याशी मी झुंज देईन, किंवा यावर इलाज नाही. मानेचा मणका सरकल्यामुळे ज्याला हातापायांची जाणीवच उरली नाही अशा रुग्णाला तिसरा निर्णय मिळतो. मान मोडली की हातपाय का जातात याचे कारण त्या वैद्याला सांगता आले नसेल. पण दोहोंचा संबंध त्याने डोळसपणे टिपला होता.

आपल्या देशातही हे ज्ञान होते. आयुर्वेदाने गळ्याखालच्या आडव्या हाडाला ‘जत्रु’ म्हटले आणि त्यावरील साऱ्या भागाला, म्हणजे डोके, चेहरा आणि मान यांना मिळून, ‘ऊर्ध्वजत्रु’ असे एकच नाव दिले. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मस्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी ३७ एकट्या या भागात आहेत.

चेहरा दुरुस्त करण्याच्या विद्येत तर महाराष्ट्राने जगाला धडा दिला. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजी लेखनात त्याचे नाव कावसजी असे आले आहे. पुढे पुणे परिसरातील एका देशी शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसविले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकाने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकिकत चित्रासह छापली. युरोपातील आधुनिक सुघटनशल्याला तिथून चालना मिळाली. त्या शस्त्रवैद्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

या हकिकतीतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कावसजी नाकावाचून बरेच दिवस जगला आणि मग त्याला नाक मिळाले. नाक वर्षभराने बसविता येते. अडलेला श्वास मात्र वर्षभराने परत देता येत नाही. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. जुन्या वैद्यांना जखम शिवता येत होती, हाड बसविता येत होते. जखमी मनुष्य त्यांच्या दारापर्यंत जिवंत कसा पोहोचावा, याचे शास्त्र मात्र उभे राहायचे होते.

वाहून नेणारे हात

या शास्त्राचा आरंभ धर्मनिष्ठ प्रापंचिकांच्या बंधुसंघांतून झाला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे ‘दया’, या नावाचा बंधुसंघ १२४४ साली स्थापन झाल्याचे मानले जाते. रस्त्यात पडलेले आजारी व जखमी खांद्यावर वाहून रुग्णालयात नेणे आणि बेवारस मृतांना दफन करणे हे त्याचे काम. सुतार, विणकर, व्यापारी असे नगरातील सामान्य लोक पाळीपाळीने ही सेवा करीत. आपली ओळख पटू नये म्हणून ते तोंडावर झाकण येईल असा अंगरखा घालीत. हा संघ आजही चालू आहे; खांद्यावरील डोलीची जागा आता मोटारीने घेतली आहे, एवढेच. त्याच्या स्थापनेचे श्रेय परंपरा व्हेरोनाच्या संत पीटर यांना देते. याच संत पीटर यांना १२५२ साली मारेकऱ्याने रस्त्यात गाठून डोक्यावर घाव घालून ठार केले.

पोर्तुगालमध्ये १४९८ साली लिस्बन येथे याच नावाचा बंधुसंघ उभा राहिला आणि पोर्तुगीज गलबतांबरोबर त्याच्या शाखा गोव्यात आणि आपल्या वसईतही आल्या. वसईच्या कोटात ‘मिझेरिकॉर्दिया’ होती. ज्या किनाऱ्यावर आज आपण राहतो, तेथे ‘दया’ या नावाची संस्था चारशे वर्षांपूर्वी काम करीत होती. ती राजसत्तेच्या आधाराने आली आणि राजसत्तेबरोबरच गेली, हेही खरे.

१७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे मराठ्यांचे नामांकित सरदार पडले. तटाच्या आतले पोर्तुगीज आणि त्यांच्या चाकरीतील देशी शिपाई, तटाबाहेरचे मावळे, अशा दोन्ही बाजूंची माणसे तेथे मेली. सरदारांची नावे कागदपत्रांत राहिली. ढासळत्या तटाखालून जखमींना ओढून काढणारे कोण होते, त्यांनी त्यांना कसे उचलले, पाणी कोणी दिले, याविषयी इतिहास गप्प आहे. युद्धाच्या इतिहासात घाव घालणारा दिसतो. घायाळाला उचलणारा दिसत नाही.

तो दिसू लागला तो हळूहळू. स्वतः सैनिक राहिलेले संत कॅमिलस यांनी रुग्णसेवेला वाहिलेला संघ स्थापन केला. त्या संघाच्या झग्यावरील तांबड्या क्रुसाला १५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी मान्यता दिली, आणि १५९५ मध्ये त्यांचे बंधू हंगेरीतील रणभूमीवर जखमींच्या सेवेला गेले. फ्रान्सचा सैनिकी शस्त्रवैद्य दोमिनिक लारे याने १७९२ मध्ये ‘उडत्या’ रुग्णवाहिका काढल्या. लढाई संपेपर्यंत जखमींना रणांगणावर पडू द्यायचे, हा त्या काळचा शिरस्ता. लारेने हलक्या घोडागाड्या लढाई चालू असतानाच पुढे धाडल्या. हुद्दा न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी पाहावे, हा नियमही त्यानेच घालून दिला.

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी जवळच्या कास्तिल्योने गावात येऊन पडले. पुरेसे डॉक्टर नव्हते. त्या गावाचे धर्मगुरू डॉन लोरेन्झो बार्झिझा आणि गावातील स्त्रिया यांनी मुख्य ख्रिस्तमंदिराचेच रुग्णालय केले. हेन्री द्यूनाँ नावाचा स्वित्झर्लंडचा एक तरुण व्यापारी कामानिमित्त तेथे आला होता. तोही त्यांच्यात मिसळला. फ्रेंच कोण आणि ऑस्ट्रियन कोण हे न विचारता त्या स्त्रिया सर्वांना पाणी पाजीत होत्या, जखमा बांधीत होत्या आणि सगळेच भाऊ आहेत असे म्हणत होत्या. द्यूनाँने १८६२ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसचा पाया घातला गेला आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. तरुणांचे आश्रयदाते संत अलॉयशियस गोन्झागा यांचे जन्मगाव हेच कास्तिल्योने. प्लेगच्या साथीत रोग्यांना पाठीवर वाहून नेत असता त्यांना रोगाची बाधा झाली आणि १५९१ साली ते वारले.

श्वासाची वाट

उचलणारे हात मिळाले, तरी नुसते उचलणे पुरेसे नसते. कसे उचलावे हे ठाऊक नसेल, तर दयाळू हातच घातक ठरू शकतात. हा धडा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांनी मोठी किंमत देऊन शिकविला.

१८७७ साली लंडनमध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स संघटना स्थापन झाली. खाणीत, कारखान्यात आणि रेल्वेवर काम करणाऱ्या मजुरांनाच प्रथमोपचार शिकवावा, ही तिची नवी कल्पना होती. पुढे ती भारतातही आली. तिचे वर्ग पाहून प्रभावित झालेले जर्मन शस्त्रवैद्य फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांनी १८८२ मध्ये कील नगरात सामान्य नागरिकांसाठी शाळा काढली. त्या शाळेला त्यांनी शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाचे नाव दिले. बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन घशात मागे पडते आणि श्वास अडतो. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे उचलला की जीभ त्याबरोबर पुढे येते आणि वाट मोकळी होते. ही साधी युक्ती त्याच काळात एस्मार्ख आणि नॉर्वेचे हाइबर्ग यांनी प्रचारात आणली.

तरीही पहिल्या महायुद्धात एक भयंकर चूक पुनःपुन्हा होत राहिली. विल्यम केल्सी फ्राय या इंग्रज सैनिकी डॉक्टरने एका सैनिकाला खंदकातून बाहेर काढले. गोळीने त्याचा जबडा फुटला होता. फ्राय यांनी त्याला डोके पुढे झुकवायला सांगितले, म्हणजे रक्त तोंडातून बाहेर पडत राहील. अशा स्थितीत ते त्याला चालवत प्रथमोपचार-ठाण्यापर्यंत सुखरूप घेऊन आले. तेथे नियमाप्रमाणे त्याला स्ट्रेचरवर उताणे निजविण्यात आले, आणि थोड्याच वेळात तो गुदमरून मेला. ज्या जखमेने तो मेला नव्हता, ती जखम घेऊन उताणे निजल्याने तो मेला. फ्राय हे कधी विसरले नाहीत. चेहऱ्याच्या जखमींना उताणे नेऊ नये, हे त्यांनी पुढे सर्वांना पटवून दिले. नंतर ते सिडकप येथील रुग्णालयात हॅरल्ड गिलीज यांच्याबरोबर अशा सैनिकांचे चेहरे पुन्हा घडविण्याच्या कामात सहभागी झाले.

आपल्या भागात दुचाकीवरून तोंडावर आपटलेला तरुण शुद्धीवर असतो, बसू पाहतो, रक्त थुंकू पाहतो, आणि भोवतालचे लोक प्रेमापोटी त्याला बळेच उताणे निजवून तोंडात पाणी घालतात. तो जर स्वतः बसू शकत असेल आणि मानेत दुखत नसेल, तर त्याला पुढे झुकून बसू द्यावे. खंदकातील त्या अनाम सैनिकाने आपल्याला एवढे नक्कीच शिकविले आहे.

व्हिएन्नात जन्मलेले भूलतज्ज्ञ पीटर साफार यांनी १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथे स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले की बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग डोक्याच्या आणि जबड्याच्या योग्य स्थितीने मोकळा राहतो, आणि तोंडाने श्वास देणे सामान्य माणसालाही शिकता येते. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम त्यांच्या शिकवणुकीतून जगभर रूढ झाला. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरात त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीतील बेरोजगार तरुणांना हेच शिक्षण देऊन ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभारण्यास हातभार लावला. ज्यांना समाज निरुपयोगी म्हणत होता, त्या तरुणांची सेवा शहरातील तोवरच्या पोलिसी व्यवस्थेहून सरस ठरली.

मानेचा धडा याहून सूक्ष्म आहे. मानेचा मणका मोडला असला तरी आतील मज्जारज्जू शाबूत असू शकते; ती तुटते ती पुढील हालचालीत. म्हणून उंचावरून पडलेल्या, वाहनातून फेकल्या गेलेल्या किंवा डोक्यावर मार बसून बेशुद्ध झालेल्या प्रत्येकाची मान मोडली आहे असे समजूनच त्याला हाताळावे, असे आजचे शास्त्र सांगते. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके सरळ व स्थिर धरावे. श्वास घरघरत असेल तर मान न वळवता फक्त जबडा पुढे उचलावा. उलटी होऊ लागल्यास डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून, ओंडका वळवावा तसे, अख्खे शरीर एकदम कुशीवर वळवावे. हात आणि पाय धरून झोळीसारखे उचलणे आणि रिक्षाच्या आसनावर घडी करून कोंबणे, हे आपल्याकडील नेहमीचे दृश्य या शास्त्राच्या नेमके उलट आहे.

शिरस्त्राण आणि शुद्धी

‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याच्या जखमेने सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्या मृत्यूची रुखरुख त्यांना लागून राहिली. त्यांनी मोटारसायकलस्वार सैनिकांच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाचा उपयोग पुराव्यानिशी मांडला. ब्रिटनमध्ये त्याची सक्ती व्हायला १९७३ साल उजाडले. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने ती केली आहे. मागे बसणाऱ्यालाही ती लागू आहे, याची आठवण रविवारी मिस्साला पत्नीला मागे बसवून येणाऱ्या आपल्या बंधूंना करून द्यावीशी वाटते.

१९७४ साली ग्लासगो येथील ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची पट्टी तयार केली. डोळे कशाने उघडतात, बोलणे कसे आहे, हातपाय कसे हलतात, या तीन प्रश्नांवर ३ ते १५ गुण. तिचे मर्म घरच्या माणसालाही कळण्यासारखे आहे: डोक्याच्या जखमेत एका वेळच्या स्थितीपेक्षा तीत होणारा बदल अधिक बोलका असतो. मार लागलेला मनुष्य उठतो, बोलतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. कवटीच्या आत साठणारे रक्त तोवर मेंदूला दाबीत असते. म्हणून वाढती डोकेदुखी, पुनःपुन्हा उलट्या, असंबद्ध बोलणे, अनावर झोप, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या यांपैकी काहीही दिसले तर ‘दारू प्यायला असेल’, ‘झोपू द्या’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

भीतीचा अडसर

ज्ञान असूनही हात पुढे येत नसतील, तर त्यामागे काही कारण असते. आपल्याकडे ते कारण भीती हे होते. पोलीस चौकशी करतील, साक्षीला बोलावतील, रुग्णालय पैसे मागेल, अपघात मीच केला असे ठरेल. ही भीती निव्वळ काल्पनिक नव्हती. दिल्लीत एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. कोणा भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. पोलीस प्रकरण आहे, आम्हांला अधिकार नाही, असे सांगून तेथील डॉक्टरांनी त्याला सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयात न्यायला सांगितले. वाटेतच तो मेला. वृत्तपत्रातील या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की जीव वाचविणे हे पहिले कर्तव्य होय. प्रत्येक डॉक्टरने, मग तो सरकारी असो वा खासगी, कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता तातडीचे उपचार केलेच पाहिजेत.

डॉक्टरांचे कर्तव्य असे ठरले. वाटसरूला अभय मिळण्यास मात्र आणखी सत्तावीस वर्षे लागली. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून मदत करताना काही उणे राहिले तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही.

कायद्याने या मदतकर्त्याला जे इंग्रजी नाव दिले, ते ‘भला शोमरोनी’ हेच आहे. संत लूककृत शुभवर्तमानातील तो दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मशास्त्राचा अभ्यास करताना आम्हांला त्यातील करुणेवर चिंतन करायला शिकविले जाई. प्रथमोपचाराच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील कृतींचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. तो माणूस प्रथम थांबतो, जवळ जातो. मग जागच्या जागी जखमांवर तेल व द्राक्षारस घालून त्या बांधतो. त्यानंतर जखमीला आपल्या जनावरावर बसवितो, आणि शेवटी उतारशाळेत नेऊन पुढील खर्चाचीही तजवीज करतो. आधी उपचार, मग वाहतूक. आपण बहुधा पहिली आणि तिसरी पायरी करतो, दुसरी गाळतो. डोके, चेहरा आणि मान यांच्या जखमांत जीव जातो तो या गाळलेल्या पायरीवर.

आपला जिल्हा

२०१४ हे वर्ष आपल्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. आरंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या, आणि त्यांवर डॉक्टर नेमलेले होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. महामार्गावर १०३३ हा क्रमांकही आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण नकाशा बदलल्याने अंतर कमी होत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज पडली की आजही पालघर-बोईसरचा माणूस वापी, सिल्व्हासा किंवा मुंबईकडे धाव घेतो.

२०२५ च्या पावसाळ्यात पालघरच्या एका भगिनीच्या अंगावर झाड कोसळून डोक्याला, खांद्याला आणि बरगड्यांना जबर मार बसला. मुंबईच्या रुग्णालयात नेत असताना रुग्णवाहिका महामार्गावरील कोंडीत तासन्‌तास अडकली. त्या मुंबईपर्यंत पोहोचल्याच नाहीत. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटात इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. ढिगाऱ्याकडे सर्वांत आधी धावतात ते नेहमी शेजारचे कामगार आणि रहिवासीच. १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र ज्या तारापूरला सुरू झाले, त्याच तारापूर-बोईसरच्या पट्ट्यात गंभीर जखमींसाठी सुसज्ज सरकारी केंद्राची मागणी लोकांना आजही करावी लागते. ती मागणी न्याय्य आहे. ग्रामसभेतून, धर्मग्रामाच्या परिषदेतून, मतदानाच्या वेळी ती नेटाने केली पाहिजे. ‘पहिले दहा मिनिट आपण सांभाळू’ हे शासनाला सबब म्हणून मिळता कामा नये.

पण ते केंद्र उद्या उभे राहिले, तरी जखम आणि वैद्य यांमधली वाट उरणारच आहे, आणि त्या वाटेवर आपणच असणार आहोत: रिक्षावाला, वडापाव विकणारी बाई, रेल्वेफाटकाजवळचा दुकानदार, चर्चमधून परतणारे युवक. म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक धर्मग्रामातील युवासंघाने आणि महिला मंडळाने वर्षातून दोनदा, एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या वा परिचारिकेच्या देखरेखीखाली, एवढेच गिरवावे: आधी १०८ ला फोन आणि मागून येणारी वाहने थांबविणे; डोके-मान स्थिर धरणे; जबडा उचलून श्वास मोकळा करणे; वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने दाब देणे; कवटीचे हाड खचलेले दिसल्यास तेथे न दाबता नुसते झाकणे; गळ्यावरच्या जखमेवर हाताने दाब द्यावा, पण गळ्याभोवती पट्टी आवळू नये; कानानाकातून पाणी वा रक्त येत असेल तर बोळा न कोंबणे; रुतलेली वस्तू न उपटणे; शिरस्त्राण श्वासाला आड येत नसेल तर न काढणे, आणि काढावेच लागले तर दोघांनी मिळून, एकाने मान धरून काढणे; तोंडात पाणी न घालणे; आणि अपघाताची वेळ व शुद्धीत होणारा बदल लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगणे. यासाठी लागणारी साधने म्हणजे दोन हात आणि एक धुतलेले कापड. तालमीचे दोन तास मात्र काढावे लागतील.

फ्लॉरेन्सच्या विणकरांनी आणि सुतारांनी हे काम आपले मानले, कास्तिल्योनेच्या बायकांनी मानले, पिट्सबर्गच्या बेकार तरुणांनी मानले. यांपैकी कोणीही वैद्य नव्हते. डॉक्टर येईपर्यंत माणूस जिवंत ठेवणे ही त्यांनी आपली जबाबदारी समजली. महामार्गालगतच्या आपल्या गावांपुढे ती आज उभी आहे, आणि ती पेलण्याइतकी माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत.